बॅटरी नवीनच आहे, सर!

प्रस्तावना

रोबो हातात उचलून धरला की दोन्ही चाकं भिरभिर फिरतात. जमिनीवर ठेवला की एक झटका देतो, थांबतो, पुन्हा झटका देतो, पुन्हा थांबतो. आर्डुइनोवरचा दिवा लुकलुकतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. रोबोटिक्सच्या कार्यशाळेत जेवणाच्या सुट्टीनंतर निम्म्या टेबलांवर हेच चाललेलं असतं. मग शोधाशोध सुरू होते. आधी प्रोग्रॅम तपासतात. मग मोटर ड्रायव्हर बदलतात. मग कोणीतरी छातीठोकपणे सांगतं की आर्डुइनोच डुप्लिकेट निघाला. बॅटरीकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी, आणि तेव्हाही उत्तर तयार असतं : "बॅटरी नवीनच आहे, सर! मीटर लावून बघितली, नऊ व्होल्ट दाखवतेय."

नऊ व्होल्ट असतातच. ते मोजले केव्हा, एवढाच प्रश्न आहे. मोटर बंद असताना बॅटरी जे दाखवते आणि मोटर ओढ घेत असताना जे दाखवते, त्यांत कधीकधी निम्म्याचा फरक पडतो. हे पुस्तक त्या फरकाबद्दल आहे.

बॅटरीच्या वेष्टनावर दोन आकडे ठळक छापलेले असतात, एक व्होल्टचा आणि एक मिलिअँपिअर-अवरचा. दुकानात दुसऱ्याला नुसतं 'एमएएच' म्हणतात. बहुतेक खरेदी या दोन आकड्यांवरच होते. दोन्ही आकडे खरे असूनही रोबो जागचा हलत नाही असं होऊ शकतं, कारण ते ठरावीक परिस्थितीत मोजलेले असतात. ती परिस्थिती वेष्टनावर छापायला जागा नसते आणि विकणाऱ्याला तशी हौसही नसते. तिसरा आकडा, म्हणजे बॅटरी एका वेळी किती करंट देऊ शकते, हा तर साध्या सेलवर लिहिलेलाच नसतो. आपलं घोडं अडतं ते नेमकं तिथे.

आधी व्होल्टेज. ते ठरतं सेलच्या आतल्या रसायनांवरून. आकाराचा त्याच्याशी संबंध नाही. रिमोटमधला बारीक सेल घ्या किंवा जुन्या टॉर्चमधला जाडजूड सेल घ्या, दोन्ही दीड व्होल्टचेच, कारण दोन्हींच्या पोटात जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड हीच जोडी आहे. जास्त व्होल्टेज हवं तर सेल एकापुढे एक जोडायचे. १८०० साली अलेस्सांद्रो व्होल्टाने जस्त आणि चांदीच्या चकत्यांच्या जोड्या, मध्ये खारट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा घालून, एकावर एक रचल्या आणि जोड्या वाढवल्या तसा विजेचा झटका वाढत गेला. सव्वादोनशे वर्षांत रसायनं बदलली, रचण्याची युक्ती तीच राहिली.

पण एकाच सेलचं व्होल्टेजही दिवसभर एक नसतं. अल्कलाइन सेल नवा असताना दीडच्या किंचित वर असतो आणि संपत आला की ०.९ च्या आसपास येतो. रिचार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा मानला जातो, म्हणून अल्कलाइन काढून असे चार सेल घातले की सहाऐवजी ४.८ व्होल्ट मिळतात आणि मुलं म्हणतात की रिचार्जेबल सेल 'कमी ताकदीचे' असतात. तसं मुळीच नाही. ओढ पडल्यावर हाच सेल आपलं व्होल्टेज अल्कलाइनपेक्षा नेटाने टिकवून धरतो, हे चौथ्या प्रकरणातल्या प्रयोगात दिसेल. लिथियम-आयन सेलवर ३.७ लिहिलेलं असतं. पूर्ण भरलेला असताना तो ४.२ असतो आणि ३ च्या खाली नेऊ नये असा नियम आहे. तीन सेलांचा लिथियम पॅक ११.१ व्होल्टचा म्हणून विकतात, पण चार्जरवरून काढलेला असा पॅक १२.६ व्होल्ट देतो. १२ व्होल्टची कमाल मर्यादा असलेलं सर्किट त्याला जोडणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं. यूपीएसमधली शिसे-आम्लाची १२ व्होल्टची बॅटरी भरलेली आणि निवांत असताना १२.७ च्या घरात असते. थोडक्यात, वेष्टनावरचं व्होल्टेज हे सेलचं नाव समजावं. प्रकृती मीटरने तपासावी.

आता त्या चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीकडे वळू, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त रोबो तिनेच बंद पाडले आहेत. किटमध्ये तिची क्लिप फुकट येते, बॅटरी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, आणि नऊ हा सहापेक्षा मोठा आकडा आहे. एवढ्या तीन कारणांवर तिची निवड होते. अशी एखादी वापरून संपलेली अल्कलाइन बॅटरी मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, पक्कडीने पत्रा उलगडून उघडून पाहावी. आत दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल एकापुढे एक जोडलेले सापडतात. काहींत ते करंगळीपेक्षा बारीक नळकांडी असतात, काहींत बिस्किटांसारख्या चपट्या वड्या. सेल एवढासा, म्हणून त्यातला माल एवढासा : जेमतेम ५०० मिलिअँपिअर-अवर. शेजारच्या पेन्सिल सेलमध्ये, म्हणजे दोन 'ए'वाल्या सेलमध्ये, सावकाश वापरला तर याच्या चार-पाच पट माल असतो. नऊ व्होल्टची बॅटरी ट्रान्झिस्टर रेडिओ, धूर ओळखणारी घंटा, मल्टिमीटर अशा उपकरणांसाठी आहे. ती सगळी मिलिअँपिअरांवर दिवस काढतात. मोटर हा तिचा धंदाच नव्हे.

मोटरचा हिशेब मांडून पाहू. बाजारात 'बीओ मोटर' नावाने मिळणारी पिवळी प्लॅस्टिकची गिअर मोटर सहा व्होल्टवर, चाक हवेत असताना, दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास करंट घेते. तीच अडवून धरली तर एक ते दीड अँपिअर ओढते. आणि प्रत्येक मोटर सुरू होण्याच्या क्षणी अडवलेल्या मोटरसारखीच वागते, कारण फिरू लागल्यावर तिच्यात जो उलटा दाब तयार होतो तो त्या क्षणी शून्य असतो. रोबो उचलून धरला तर ही ओढ डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात संपते. जमिनीवर अंगचं वजन ढकलायचं असतं, म्हणून ती रेंगाळते. दोन मोटर एकदम सुरू झाल्या की मागणी दोन-अडीच अँपिअरवर जाते. नव्या अल्कलाइन नऊ व्होल्टच्या बॅटरीचा अंतर्गत रोध दीड-दोन ओहम असतो, साध्या झिंक-कार्बनवाल्या स्वस्त बॅटरीचा कितीतरी जास्त. पावणेदोन ओहम धरू. दोन अँपिअर गुणिले पावणेदोन, म्हणजे साडेतीन व्होल्ट बॅटरीच्या पोटातच जिरले. बाहेर आले साडेपाच. आर्डुइनो उनोला त्याच्या गोल पिनेतून किमान सात व्होल्ट द्यावेत अशी शिफारस आहे. बॅटरी थोडी वापरलेली असली की व्होल्टेज आणखी कोसळतं, मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो आणि मोटर थांबतात. मोटर थांबल्या की ओढ संपते, व्होल्टेज परत नऊकडे चढतं, आर्डुइनो जागा होतो, प्रोग्रॅमची पहिली ओळ वाचतो आणि मोटरना 'चला' म्हणतो. झटका, थांबा, झटका, थांबा. प्रोग्रॅम अगदी बरोबर असतो आणि इमानेइतबारे पहिल्यापासून पुन्हा चालत असतो.

(काटेकोर वाचकासाठी : व्होल्टेज घसरलं की मोटरही कमी करंट ओढते, त्यामुळे खरा आकडा वरच्या हिशेबापेक्षा थोडा सौम्य येतो. रोबो मात्र तरीही हलत नाही.)

व्होल्टेज आणि क्षमता समजावताना गच्चीवरच्या टाकीचा दाखला सगळेच देतात. टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, पाणी किती मावतं ती क्षमता. मलाही तो सोयीचा वाटतो, फक्त त्यात टाकीच्या तोंडाशी असलेला नळ किती अरुंद आहे हे सांगायचं राहून जातं. नऊ व्होल्टची बॅटरी म्हणजे पाचव्या मजल्यावर ठेवलेली बादली, आणि तिला लावलेली सलाइनची नळी. दाखल्याचं काम इथे संपतं, कारण टाकीतली पातळी नळ बंद केल्यावर आपोआप वर चढत नाही. बॅटरीचं व्होल्टेज चढतं. म्हणूनच 'काल संपलेली' बॅटरी सकाळी मीटरवर टवटवीत दिसते आणि मुलं फसतात.

आता क्षमता. २००० मिलिअँपिअर-अवर म्हणजे २ अँपिअर एक तास, किंवा १ अँपिअर दोन तास, असा भागाकार आठवीतला मुलगाही करतो. भागाकार बरोबर आहे, पण तो ठरावीक वेगापुरता. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी घ्या. रोबो रेसमध्ये ती वर्षानुवर्षं वापरली जाते, कारण ती सहज मिळते आणि धसमुसळेपणा सहन करते. तिच्यावरचा ७ हा आकडा वीस तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारा आहे; म्हणजे जेमतेम ३५० मिलिअँपिअरने. तिच्याकडून तासाभरातच सगळं काढून घ्यायला गेलात तर साडेचार-पाच अँपिअर-अवर हाती लागतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये शिसे-आम्लाच्या बॅटरीचा हा स्वभाव सूत्रात बसवला. जितक्या घाईने काढाल तितकं कमी मिळेल. लिथियमला ही घाई बरीच कमी बाधते. त्याचं महत्त्व वाढण्याचं हे एक कारण. दुसरं कारण वजन. वरची बॅटरी दोन किलोच्या पुढे भरते. रेसच्या गाडीत कधीकधी निम्मी मेहनत बॅटरीलाच वाहून नेण्यात जाते.

लिथियम-आयन सेल सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणले, आणि त्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या कामात त्याचं सर्वांत ओळखीचं रूप म्हणजे १८६५० नावाचा गोल सेल : १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. याच सेलच्या नावाने बाजारात सर्वांत मोठी थाप मारली जाते. झगझगीत वेष्टनावर ९९०० एमएएच छापलेले सेल मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत आणि ऑनलाइन सगळीकडे मिळतात. चांगल्या कंपनीच्या १८६५० सेलमध्ये आज फार तर साडेतीन हजारांच्या आसपास मावतात. ९९०० मावतील असं रसायन त्या आकारात अजून कोणी बसवलेलं नाही. साधी ओळख हवी असेल तर सेल काट्यावर ठेवावा. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो. तीसच ग्रॅम भरला तर आत काय आहे ते विचारू नये.

आणि क्षमतेचा आकडा खरा असला तरी सगळ्यात मोठा आकडा सर्वांत चांगला असं नसतं. मंगळावर १९ एप्रिल २०२१ रोजी उडालेल्या नासाच्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरमध्ये सोनीचे सहा १८६५० सेल होते, प्रत्येकी सुमारे २ अँपिअर-अवरचे. याहून मोठ्या क्षमतेचे सेल तेव्हा दुकानात मिळत होते. पण पंखे फिरताना लागणारी काही शे वॉटची मागणी पुरी करायला थोडा माल आणि रुंद दरवाजा असलेला सेलच हवा होता. एकाच आकाराच्या डब्यात जास्त क्षमता भरायची तर आतले थर जाड करावे लागतात, आणि जाड थरांतून करंट सावकाश निघतो. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. रोबोसाठी सेल घेताना 'किती एमएएच?' या प्रश्नाआधी 'सतत किती अँपिअर देतो?' हे विचारायचं ते एवढ्यासाठी.

लिथियम-पॉलिमर पॅकवर हे उत्तर 'सी'च्या रूपात लिहिलेलं असतं. २२०० एमएएच आणि २५ सी म्हणजे २.२ गुणिले २५, अर्थात ५५ अँपिअर. कागदावर. स्वस्त पॅकवरचा 'सी' हा बहुधा उत्साहाचा आकडा असतो. मी त्याच्या निम्माच धरून चालतो. छोट्या रोबोला तेवढ्यानेही भागतं. मात्र त्याच पॅकला केसाएवढ्या जंपर वायरीने मोटर जोडली असेल तर वायर आधी तापेल, मग वितळेल. बॅटरी द्यायला तयार आहे म्हणून वाटेतले सगळे घ्यायला समर्थ असतात असं नाही.

दोन बॅटऱ्यांची तुलना करायची तर एमएएच पुरेसं नाही. व्होल्टेजने गुणून वॉट-अवर काढावेत. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलांची बेरीज, म्हणून ३७ वॉट-अवर. बाहेर ती पाच व्होल्ट देते, तेव्हा हिशेबाने ७,४०० एमएएच आणि रूपांतराची गळती वजा जाता त्याहून कमी हाती येतात. कंपनी फसवत नाही, आपण एकक तपासत नाही. जाता जाता : करंट फार कमी झाला की बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात. सेन्सरची वाट पाहत शांत उभा असलेला रोबो त्यांना 'फोन काढून घेतला' असा वाटतो.

बॅटरीपासून चाकापर्यंतच्या वाटेवर आणखी एक जकात नाका आहे. एल-२९८ नावाचा मोटर ड्रायव्हर जवळजवळ प्रत्येक किटमध्ये असतो. त्यातले ट्रान्झिस्टर जुन्या पद्धतीचे, म्हणून एक अँपिअरला दोन-एक व्होल्ट तो स्वतःच खातो आणि त्याची उष्णता करतो. पाठीवर ॲल्युमिनियमचा पंखेदार ठोकळा उगाच बसवलेला नाही. चार पेन्सिल सेलांचे सहा व्होल्ट मोटरपाशी चारच उरतात आणि मुलं म्हणतात, मोटर स्लो आहे. मॉसफेटवाला टीबी-६६१२ सारखा ड्रायव्हर यापेक्षा फारच थोडं खातो. बॅटरी बदलण्याआधी ड्रायव्हर बदलून बघा, असं मी आता बिनदिक्कत सांगतो.

वाढत्या व्होल्टेजचा मोह स्पर्धांनीही ओळखला आहे. एबीयू रोबोकॉनच्या नियमांत बॅटरीला २४ व्होल्टची मर्यादा असते. २००८ मध्ये ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा तिचा विषय 'गोविंदा' होता. परदेशी संघांचे रोबो पुण्यात येऊन लोणी पळवत होते. व्होल्टेज सगळ्यांना सारखं म्हटल्यावर स्पर्धा उरते ती करंट, वजन आणि व्होल्टेज कमीत कमी कोसळू देण्यात. कॉलेजच्या संघांना बॅटरीचा अभ्यास करायला लावणारी यापेक्षा चांगली सक्ती मला माहीत नाही.

लिथियमच्या धोक्यावर या पुस्तकात पूर्ण प्रकरण आहे, आणि ते गाळून पुढे जाणाऱ्याने पुढचं वाचू नये. लिथियम सेल ४.२ च्या वर चार्ज करायचा नाही, ३ च्या खाली उतरवायचा नाही. पॅकमधले सेल बॅलन्स करणाऱ्या चार्जरनेच भरायचे. फुगलेला पॅक 'अजून चालतोय' म्हणून वापरायचा नाही. नुसता ठेवून द्यायचा असेल तर प्रति सेल ३.८ च्या आसपास ठेवायचा. आणि चार्जिंगला लावून झोपायला किंवा जेवायला जायचं नाही. शिसे-आम्लाची बॅटरी चूक झाली तर रुसते, लिथियम पेटतं. शाळेतल्या मुलांनी पहिलं वर्ष निकेल-मेटल हायड्राइडवरच काढावं असं माझं मत आहे. ते काहींना मागासलेलं वाटतं. वाटू द्या.

पुस्तकात गणित गुणाकार-भागाकारापलीकडे नाही. 'विभवांतर' शिकताना नववी-दहावीतली मुलं ओहमच्या नियमावरची गणितं धडाधड सोडवतात. तोच नियम त्यांच्या हातातल्या रोबोत दोन मोटरच्या मध्ये बसला आहे हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं, कारण वर्गात मीटर असतो तो कपाटात. शिक्षकांना विनंती आहे की तो बाहेर काढावा. दुसऱ्या प्रकरणातला पहिला प्रयोग कोणत्याही वर्गात होतो : मीटरच्या दोन्ही सुया बॅटरीच्या टोकांना लावायच्या, मोटर सुरू करायची, चाक बोटाने हलकेच अडवायचं आणि आकडा किती खाली येतो ते वहीत लिहायचं. नऊ व्होल्टची चौकोनी, चार पेन्सिल सेल, दोन १८६५० अशा तिन्हींवर हेच करायचं. चाक दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ अडवू नका, मोटर जळते.

साधा डिजिटल मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत येतो, चांगल्या लिथियम पॅकपेक्षा बराच स्वस्त. घरात नसेल तर पहिलं प्रकरण उघडण्याआधी तो आणा, आणि नवी बॅटरी त्यानंतर घ्या.